भाऊंचं तोंड

शहरात तंबाखूची पुडी विकणारा आता उरला नव्हता, कारण घेणाराच उरला नव्हता. ही किमया चौकाचौकांतल्या शिसारी-फलकांची. नासकं अन्न ओळखून ओकारी काढणारा एक कोपरा आपल्या मेंदूत असतो. समोरून जाणाऱ्याच्या त्या कोपऱ्याला हे फलक एका सूक्ष्म लहरीने डिवचत. समोर चित्र आणि पोटात ढवळणं, असं वरचेवर झालं की चित्रातली गोष्ट नुसती आठवली तरी घशाशी येई. भीती माणूस पचवतो, किळस काही पचत नाही. एवढ्यावर जनजागृती कक्षाने स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

फलकावरच्या चित्रफितीत तोंड होतं भाऊ डबीरांचं. कर्करोगात अर्धा जबडा गेलेला, हनुवटीवर लाळ. जाहिरात केली होती त्यांच्याच मुलीने, केतकीने.

"माझं थोबाड बघून चार पोरं सुटत असतील तर लाव बिनधास्त," भाऊ तेव्हा म्हणाले होते.

आता भाऊ दिसले की न्हावी शटर ओढून घेई आणि भजनातली मंडळी लांब सरकून बसत. केतकीने तर ती जाहिरात फलकावर तपासताना शेकडो वेळा पाहिलेली. भाऊ नुसते खोकले तरी तिला मळमळे. सख्ख्या बापाची शिसारी! या विचाराने तिला रडू येई. पण रडतानाही नाकाला पदर असे.

शेवटी ती लहरीचा शोध लावणाऱ्या डॉ. शैला वानखडेंकडे गेली.

"मॅडम, ती लहर माझ्या डोक्यातून काढा."

"काढायला ती काय काटा आहे? लहर केव्हाच विरली. राहिली ती मेंदूला लागलेली सवय. जाहिरातीत पुडी किती वेळ होती?"

"सुरुवातीला जेमतेम. मग भाऊंचाच चेहरा. लोकांच्या काळजाला हात घालायचा होता ना."

"काळजाचं मेंदूच्या त्या कोपऱ्याला काय पडलंय? मळमळताना जे समोर दिसलं, ते त्याने नासकं ठरवलं. थोडी किळस पुडीवर बसली, बाकी सगळी तुझ्या वडिलांवर."

"मग उपाय?"

"त्यांच्याकडे बघत रोज आवडीचं जेवायचं. किळस हळूहळू हटेल कदाचित. घरच्यांशिवाय एवढी तसदी कोण घेणार?"

भाऊंच्या वाढदिवसाला केतकीने गव्हल्यांची खीर केली. दोघं जमिनीवर समोरासमोर बसली. भाऊंच्या हनुवटीवरून खीर ओघळली, तशी तिने नजर ताटात खुपसली. तिचा पहिला घास तोंडातच फिरत राहिला.

"केतके, आईच्या हातची चव आली बघ," भाऊ खुशीत म्हणाले. "वाढ की अजून."

ती उठली. दुसरी वाटी भरून आणली आणि लांबूनच खाली ठेवली. भाऊंचा हात पोचेना. तिला पुढे वाकवेना. तिने वाटी पायाने सरकवली.

भाऊंनी तिच्या पायाकडे पाहिलं. मग वाटी उचलून, जणू तिच्याच वतीने, कपाळाला लावली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"आता जेव हो तू," ते म्हणाले.

आपल्या त्या पायाची शिसारी यावी म्हणून केतकी थांबून राहिली. ती आली नाही. समोर फक्त भाऊंची पाठ होती, आणि तिला सपाटून भूक लागली होती.