घरातला अबोला

बारकीच्या केसांत कंगवा फिरवता फिरवता ताईचा हात एकाएकी थबकला... कानामागे, वेणीच्या मुळाशी, केसच नव्हते. बोटाचं पेर मावेल एवढी उघडी, गुळगुळीत जागा! ताई सलूनमध्ये केस कापायचं काम करायची. हे केस गळलेले नाहीत, उपटलेले आहेत, हे तिला पाहताक्षणीच उमगलं.

"बाबांना सांगू नकोस," मान न वळवता बारकी पुटपुटली.

बारकी जेमतेम नऊ वर्षांची. परवावर तिची ती मोठी चाचणी येऊन ठेपली होती. सगळ्या शाळांना एकच प्रश्नपत्रिका, उत्तरांचे गोल पेन्सिलीने काळे करायचे, आणि त्या गुणांवर पुढची शाळा ठरायची. बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की ते बारकीला सरावाला बसवत आणि स्वतः घड्याळ हातात घेऊन समोर बसत. मारत नसत, ओरडतही नसत... नुसते काट्याकडे बघत. आणि बारकीचा डावा हात हळूच कानामागे जाई.

ताईनं खोदून खोदून विचारलं. गणितं जड जातात का? वर्गात कुणी चिडवतं का? बारकी नुसती मान हलवत राहिली. शेवटी फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "मी नापास झाले, तर बाबा माझ्याशीपण बोलणार नाहीत ना? तुझ्याशी बोलत नाहीत, तसे?"

ताईनं केस ओढून ती उघडी जागा झाकली आणि वेणी घातली.

याच चाचणीला एके काळी ताईही बसली होती. त्या वर्षी बारकी पोटात होती, आई अंथरुणाला खिळलेली, आणि ताई एका हातानं भाजी ढवळत दुसऱ्या हातात पुस्तक धरायची. ताई नापास झाली, आणि निकाल लागला त्या संध्याकाळी बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत... मग तेच अंगवळणी पडलं. दिवा बंद कर, आईला बोलाव, यापलीकडे शब्द नाही. ताईनंही मग इरेला पेटून ओठ मिटून घेतले. आपण होऊन बोलायचं नाही, मरेपर्यंत नाही! हा अबोला आपल्या दोघांपुरताच आहे, असंच ती आजवर समजत आली होती. आणि ही एवढीशी पोर जन्मापासून त्याच अबोल्याच्या धाकात वाढत होती...

त्या दिवशी कामात तिचं चित्त लागेना. एका बाईंच्या कपाळावरचे केस तिनं चक्क तिरके कापले, वर त्यांनाच मान सरळ ठेवायला सांगितलं. संध्याकाळी घरी येताच, पर्सही खाली न ठेवता, ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली. ते बारकीच्या पेन्सिलींना टोक काढत बसले होते.

"बाबा, माझ्याशी बोला," ती म्हणाली. "माझ्यासाठी नको... तिच्यासाठी. मी तेव्हा अभ्यास केला नाही, चूक माझीच होती, असं म्हणा हवं तर. मी कबूल करते."

एवढी वर्षं प्राणपणानं जपलेला स्वाभिमान तिनं असा त्यांच्या पायाशी ठेवला. मग बारकी केस उपटते, हेही सांगितलं. बाबांच्या हातातल्या पेन्सिलीचं शिसं कडकन मोडलं. ते उठले आणि एक अक्षरही न बोलता आत निघून गेले.

पण रडत बसायला वेळ होता कुठे? तिनं बारकीला जवळ घेतलं. आला नाही तो प्रश्न सोडून पुढच्यावर जायचं, हात शिवशिवले तर दोन्ही तळवे मांडीखाली दाबून सावकाश श्वास घ्यायचा, असं पुन्हा पुन्हा करून घेतलं. त्या संध्याकाळी घड्याळ बाहेर आलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

चाचणीच्या सकाळी ताई सलून झाडत होती, तोच दारात बाबा! बारकीला शाळेत सोडून ते रस्त्यावर नुसत्या येरझाऱ्या घालत होते म्हणे. लेकीच्या कामाच्या जागी ते प्रथमच येत होते. अवघडून खुर्चीत बसले. ताईनं त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि कात्री हातात घेतली.

आरशातल्या ताईकडे पाहत ते म्हणाले, "तू गॅसपाशी उभी राहून पाठ करायचीस. मी बघत होतो."

कात्री थांबली.

"चूक तुझी नव्हतीच. निकाल लागला आणि मलाच तुझ्याकडे बघायची लाज वाटली. सगळं घर तुझ्यावर टाकलं होतं मी... काय बोलावं सुचेना. मग जितके दिवस गेले, तितकं जास्तच अवघड होत गेलं."

"मला वाटायचं, मी तुम्हाला नकोशी झालेय," ताई कशीबशी म्हणाली.

बाबांनी कापडाखालून हात बाहेर काढला आणि खांद्यावरच्या तिच्या हातावर ठेवला. ताईच्या डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या. पुसायचंही भान तिला राहिलं नाही.

शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी दोघंही उभी होती. बारकी बाहेर आली, दोघांना शेजारी शेजारी पाहून जागच्या जागी थिजली... आणि मग धावतच सुटली. शेवटचे बरेच प्रश्न सोडले, हे तिनं आधीच सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "सोडले तर सोडले." तशी तिची कळी खुलली. वर्गावरच्या बाई एवढ्या जोरात शिंकल्या की वेळ संपली समजून निम्म्या वर्गानं पेन्सिली खाली ठेवल्या, हे तिनं शिंकेसकट करून दाखवलं. बाबा खो खो हसले. ते असे हसतात, हे ताई विसरूनच गेली होती.

बारकी उड्या मारत पुढे गेली. काही अंतर गेल्यावर बाबांनी घसा खाकरला आणि दिवसभर उभं राहून तुझे पाय दुखत असतील ना, असं विचारलं.

केवढं तरी सांगायचं होतं... वर्षानुवर्षांचं. पण ताईच्या तोंडून एवढंच आलं, "हो बाबा. दुखतात."

त्यांनी आपली चाल हळू केली.