कोरडी पिकदाणी

मी पोटासाठी थुंकतो. व्हिजिटिंग कार्डावर यापेक्षा भारदस्त काहीतरी छापलंय, पण अर्थ एवढाच. रेड वाइनचा घोट तोंडात घ्यायचा, दातांमधून हवा ओढून गुळगुळ आवाज करायचा, जिभेवर सगळीकडे फिरवायचा, काय काय लागलं ते लक्षात ठेवायचं आणि पिकदाणीत थुंकून टाकायचा. गिळायचा नाही. गिळणारा माणूस आठव्या-नवव्या बाटलीला कवी होतो, आणि कवीच्या भरवशावर कोणी तळघर भरत नाही. आई शेजाऱ्यांना सांगते, मुलगा तपासणी विभागात आहे. कसली तपासणी असं कोणी विचारलंच, तर तिला अचानक गॅसवरचं दूध आठवतं.

दुकान ताईचं. बाटल्या ती आणते, ती विकते, गिऱ्हाइकांशी तीच गोड बोलते. मी तिचा धाकटा भाऊ आणि तिची जीभ. हे तिचेच शब्द. एका जुन्या आजारपणात तिच्या नाकाचा आणि तोंडाचा निकाल लागला, तेव्हापासून मर्लो वाइन आणि खोकल्याचं औषध यांतला फरक तिला बाटलीच्या आकारावरून कळतो. थोडक्यात, माझी जीभ गेली तर दोघांचं दुकान गेलं.

"तळघरवाल्यांचा फोन होता," एका सकाळी ती म्हणाली. शहरातले सगळ्यात मोठे संग्राहक. आमच्या धंद्यात त्यांचं दुसरं नावच कोणी घेत नाही. "त्यांना उरलेल्या फळ्या भरायच्यात. उत्तम रेड वाइन, पुढे बरीच वर्षं मुरतील अशा. निवड तू करायची. त्यांच्या तळघरात, त्यांच्या समोर."

"समोर कशाला?"

"बघायला आवडत असेल."

"मला थुंकताना?"

"अरे, लोक काय वाटेल ते बघतात. दाढी करून जा."

घर साधं होतं, खाली लाँड्री असलेल्या इमारतीच्या समोरचं. तळघर मात्र घरापेक्षा मोठं. विटांची बुटकी कमान, पायाखाली बारीक खडी, पिवळा बल्ब, आणि भिंतभर आडव्या ठेवलेल्या बाटल्या. बूच ओलं राहावं म्हणून बाटल्या आडव्याच निजवतात. पण इतक्या बाटल्या एकदम निजलेल्या पाहिल्या की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. मध्ये टेबल, त्यावर वाइनचा रंग नीट दिसावा म्हणून पांढरी चादर आणि एक मेणबत्ती. टेबलाशेजारी जमिनीवर गुडघ्याइतकी उंच तांब्याची पिकदाणी.

"मी माझी आणलीय," मी पिशवीतून माझी स्टीलची काढली.

"इथे हीच वापरायची," तळघरवाले म्हणाले. वय झालेलं, अंगात स्वेटर, पायांत मोजे पण बूट नाहीत. माझी पिकदाणी त्यांनी इतक्या आदराने जिन्यावर नेऊन ठेवली की मला उगाच तिचा अभिमान वाटला.

पहिली वाइन कॅबर्ने. दणकट, जिभेला साय धरल्यासारखी तुरट, दहा वर्षांनी माणसात येईल अशी. तसं मी त्यांना सांगितलं आणि थुंकलो.

आवाज आला नाही.

थुंकल्याचा आवाज असतो. या आवाजावर माझं आयुष्य गेलंय, त्यामुळे मला अधिकाराने बोलता येतं. रिकामी पिकदाणी टणकन वाजते, भरत आली की आवाज बसतो. इथे काहीच नाही. उशीत थुंकल्यासारखं.

तळघरवाल्यांनी हात वर केला. "थांबा." मान एका बाजूला कलती करून ते उभे राहिले, शेजारच्या घरातलं भांडण ऐकताना आपण राहतो तसे. मग म्हणाले, "नको म्हणतेय. पुढची घ्या."

"कोण नको म्हणतंय?"

"पुढची घ्या."

पुढची सिराह. काळ्या मिरीचा झणका, मागून जांभळासारखं काहीतरी. थुंकलो. हात वर. मान कलती. या वेळी त्यांचा चेहरा उजळला. "ही आवडली तिला! हिची पेटी फळीवर लावा."

ती म्हणजे त्यांची बायको, असं मी धरलं. श्रीमंत लोकांच्या घरी कुठे काय स्पीकर बसवलेले असतील सांगता येत नाही. मला त्यात वावगं वाटलं नाही. निघताना शिष्टाचार म्हणून पिकदाणी ओतून धुवायला घेतली. ज्याने थुंकावं त्याने धुवावं, हा आमचा नियम. उपडी केली, पण काही पडलं नाही. आत बोट फिरवलं. कोरडं. तांब्याला निदान तांब्याचा वास असतो, तोही नव्हता.

तळाला नळी असेल, मी स्वतःला सांगितलं. थेट गटारात.

त्या संध्याकाळी उकडलेल्या अंड्यावर मिरपूड घातली. लागली नाही. आणखी घातली. शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी आलं, पण मिरीची चव काही आली नाही. डबा जुना असेल म्हणून तो फेकून दिला. दुसऱ्या दिवशी नवीन डबाही फेकला.

पुढच्या खेपेला तळघरातल्या तिने धुराची आणि चामड्याची चव असलेली एक जुनी वाइन पसंत केली. धूर आणि चामडं गेल्याने कोणाचं फारसं अडत नाही, त्यामुळे मला पत्ता लागायला वेळ लागला. मग आंबट चेरीची एक पिनो नॉयर आवडली, आणि मला लिंबू पाण्यासारखं लागू लागलं. मग कडवटपणाला कोको असलेली एक, आणि कॉफी म्हणजे नुसतं गरम काहीतरी झालं. जी वाइन तिला आवडायची तिची चव माझ्या तोंडातून जायची. जी नको असायची तिची राहायची. डॉक्टरांनी जीभ बघितली, टॉर्च मारला आणि म्हणाले, "छान आहे." जणू मी ती विकायला आणली होती.

एकदा जिना उतरताना तळघरवाल्यांची बायको भेटली. हातात बिस्किटांचा डबा.

"तुम्हाला सिराह आवडली म्हणे," मी सहज म्हटलं.

"मला? अहो, मी थेंब घेत नाही. पित्त होतं."

"मग खाली ते कोणाला विचारतात?"

तिने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, मला एक बिस्किट दिलं. "मी खाली जात नाही," ती म्हणाली आणि घाईने आत गेली. बिस्किट गोड होतं. तेवढं मला अजून कळत होतं.

त्या दिवशी तळघरवाले बाटली आणायला मागच्या फळ्यांकडे वळले तेव्हा मी पिकदाणीत मेणबत्ती धरून वाकलो. नळी नव्हती. तळ सलग, स्वच्छ, घासल्यासारखा. पिकदाणी उचलून बाजूला केली. खालची खडी पांढरी आणि कोरडी. मी ती पुन्हा जागेवर ठेवत होतो, तेव्हा माझा कान तिच्या तोंडाजवळ आला. आत कोणीतरी दातांमधून हवा ओढून गुळगुळ करत होतं. माझ्यासारखंच. फक्त अजून नीट जमत नव्हतं.

मी ताईला काही सांगितलं नाही. दुकानात आठवणीवर काम चालवलं. पण एका गिऱ्हाइकाने बाटली परत आणलीच.

"ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो म्हणतोय," ताईने बाटली माझ्यापुढे धरली. "बूच खराब झालेलं. हे तर पोरंही ओळखतात म्हणे. तू तपासली होतीस ना?"

"सर्दी झालीय."

"तुला? पावडरचा डबा अंगावर उपडा केला तरी न शिंकणारा तू!" तिने बाटली काउंटरवर ठेवली. मग आवाज खाली आला. "खरं सांग हं मला. जीभ ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"त्यांच्याकडे तुझ्याआधी तो लांब नाकवाला जायचा. चांगला होता. आता नळ विकतो."

मी नळवाल्याकडे गेलो. चकचकीत तोट्यांच्या रांगांमागे तो बसला होता आणि संत्र्यासारखं सोलून लिंबू खात होता. मी काही बोलायच्या आत त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"किती उरलंय?"

"गोड," मी म्हणालो. "फक्त गोड."

"मग शेवटचीच फळी असणार. मी मीठ जायच्या आत पळालो. गेलेलं काही परत आलं नाही. उरलेलं मीठ चाटत बसलोय."

"पण तिथे आहे काय?"

"मला विचारतोस? मी नळ विकतो." त्याने लिंबाची आणखी एक फोड तोंडात टाकली. "एक सांग. तिथे एकदा तरी गिळलीस?"

"गिळायची नसते."

"तेच ना," तो म्हणाला. "थुंका म्हणून आपल्याला कोणाला सांगावंही लागलं नाही."

घरी येताना मी याचाच विचार करत होतो. सगळं गणित सरळ होतं. मी थुंकतो ते तिला मिळतं. थुंकलंच नाही तर मिळणार नाही. झालंच तर मागचंही उलट फिरेल. माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक मुद्दाम करायची, एवढंच. मला तर ते हास्यास्पद सोपं वाटलं.

शेवटच्या सकाळी तळघरात एकाच पेटीची जागा उरली होती. तळघरवाल्यांनी स्वतः बाटली उघडली. जुनी वाइन, मेणबत्तीच्या उजेडात बाटलीच्या गळ्याकडे बघत, गाळ मागे ठेवून हलक्या हाताने ओतली. कडेला विटेसारखा रंग. पेला फिरवला. वास आला नाही. घोट घेतला.

गोड. साखरेसारखा नव्हे, पिकून स्वतःच्या वजनाने गळून पडणाऱ्या फळासारखा गोड. माझ्याकडे उरलेलं सगळं त्या एका घोटात होतं.

"कशी आहे?" तळघरवाल्यांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापत होता.

मी मान डोलावली. पिकदाणीवर वाकलो. ओठ पुढे काढले.

आतून उबदार हवा तोंडावर आली.

मी गिळलं.

तळघरवाल्यांचा हात सवयीने वर गेला. मान कलती झाली. ते तसेच उभे राहिले. बल्बभोवती एक किडा फिरत होता, त्याचा आवाज मला ऐकू येत होता.

"आलं नाही," ते म्हणाले. मग माझ्या गळ्याकडे बघितलं. "काय केलंत?"

"गिळलं."

ते मागे सरकले. पाठ फळ्यांना लागून बाटल्या किणकिणल्या, तरी सरकतच होते.

"वर जा," ते म्हणाले. "तोंड बंद ठेवून जा."

जिन्यावरून मी एकदा वळून बघितलं. पिकदाणी उचलून ते कोपऱ्यातल्या कपाटात ठेवत होते. पाहुणे गेल्यावर आपण चांगले कप ठेवून देतो, तशी.

बाहेर आलो आणि सगळं परत आलं. लाँड्रीतली वाफ, रस्त्यावरचा धूर, कोणाच्या तरी खिडकीतून येणारा करपलेला पाव. मी घराची किल्ली चाटली. लोखंड! बसथांब्याचा खांब चाटला, त्यावर एक आजोबा जागा सोडून लांब जाऊन बसले. धूळ, गंज, जुना रंग, आणि कालचा पाऊससुद्धा. इतकं बारीक मला आधीही कधी कळलं नव्हतं.

"परीक्षा घे," दुकानात शिरताच मी ताईला म्हणालो. "कुठलीही उघड. सांगू नकोस."

"आता काय नवीन खूळ?"

"घे तर खरं!"

तिने काउंटरखाली बाटली लपवून पेल्यात तळाला थोडी ओतली. माझी स्टीलची पिकदाणी दोन्ही हातांत धरून समोर उभी राहिली. मी घोट घेतला, फिरवला. द्राक्ष कळलं, पिंपाचं लाकूड कळलं, डोंगराची कुठली उतरण तेही कळलं. पेला ताईने कुठल्या साबणाने धुतला ते कळलं, आणि धुताना ती रडली होती हेसुद्धा. बोटांनी खुणा करून मी तिला वर्ष सांगितलं.

"बरोबर!" ताई ओरडली. डोळे भरून आले तिचे. "गाढवा, किती घाबरवलंस! वाटलं, संपलं आपलं दुकान. थुंक आता."

मी वाकलो आणि थुंकलो.

काहीच पडलं नाही.

"गिळलीस काय रे?"

नव्हती गिळली. माझा गळा हललाच नव्हता. ते मला नक्की माहीत होतं. आठव्या-नवव्या बाटलीपर्यंत पोचलेला नव्हतो मी.

"आ कर," ताई म्हणाली. फोनचा टॉर्च लावून तिने माझी हनुवटी धरली. रेड वाइनने जीभ आणि दात जांभळे होतात. आमच्यात सगळ्यांचे असतात. "अरे, जीभ तर गुलाबी आहे. दातसुद्धा स्वच्छ. घासून पुसून ठेवल्यासारखं..."

ती बोलायची थांबली. टॉर्च थोडा आत गेला, मग तिचा हात झटकन मागे आला.

"काय झालं?"

"काही नाही. मीट तोंड."

"ताई, काय दिसलं?"

तेवढ्यात माझ्या तोंडात गुळगुळ झालं, मी न करता. माझ्या तोंडावरची नजर न हलवता तिने चाचपून बाटली घेतली, पेला काठोकाठ भरला आणि हात लांब करून, जेवढा लांब होईल तेवढा, माझ्यासमोर सरकवला.