मडगार्डवरचं सॉकेट

दादाचा ट्रॅक्टर छोटा, फळझाडांच्या दोन ओळींमधून जेमतेम जाईल एवढा. छाटणीच्या करवतीला आणि कुंपणाच्या खांबांना भोकं पाडायला बागेत वीज लागायची, आणि घरापासून तिथवर वायर ओढायची म्हणजे अर्धा दिवस गुंता सोडवण्यातच जायचा. दादा म्हणाला, "एवढा वायरमन घरात असून उपयोग काय? ट्रॅक्टरलाच एक सॉकेट बसवून दे की." बावीस वर्षं मी लोकांच्या भिंती फोडतोय. थोरल्या भावाचं एक काम म्हणजे काय मोठंसं!

सीटखाली इन्व्हर्टर बसवला, बॅटरीपासून त्याला जाड वायर आणली, मध्ये फ्यूज घातला आणि मडगार्डवर झाकणवाली पेटी बसवली. आमच्या दोघांत एक नियम होता: तारेवर ज्याचा हात, फ्यूज त्याच्या खिशात. मी शिकाऊ असताना कुणीतरी न विचारता मेन चालू केला आणि माझी उजवी करंगळी कायमची बधिर झाली. तेव्हा दादानेच हा नियम घालून दिला, आणि स्वतः कधी मोडला नाही.

त्या सकाळीही फ्यूज माझ्या शर्टाच्या खिशात होता. अर्थिंगची तार ट्रॅक्टरच्या सांगाड्याला जोडायची होती. बोल्ट दातात, एका हातात तार, दुसरा हात सांगाड्यावर. तार आणि लोखंड यांच्यामध्ये क्षणभर मीच होतो. फ्यूज खिशात असल्यावर असं कुणी मोजत बसत नाही. मी हजारदा केलंय.

सॉकेटमध्ये टेस्टर घातला तर तो पेटला.

टेस्टर कधी कधी फसवतो, म्हणून बल्ब लावला. तोही लख्ख पेटला. माझं टाळकंच सटकलं.

"दादा, दुसरा फ्यूज घातलास?"

दादा घराच्या पायरीवर चहा पीत बसला होता. "मी कशाला घालू? जागचा हललो तरी का?"

फ्यूजची जागा रिकामी होती. मी बॅटरीची दोन्ही टोकं सोडवली. बल्ब जळतच राहिला. शेवटी पेटीमागच्या तारा उपटल्या. आता ते सॉकेट कशालाच जोडलेलं नव्हतं. दादाने उठून त्यात ड्रिल लावलं आणि खांबाला आरपार भोक पाडलं. तेवढ्या वेळात माझ्या करंगळीशेजारचं बोटही बधिर झालं.

"चालतंय ना, मग राहू दे," दादा म्हणाला. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तो ड्रिलकडे बघतही नव्हता. माझ्या हाताकडे बघत होता.

पुढच्या आठवड्यात मधलं बोट गेलं, मग तळहात. डॉक्टर म्हणाले, शीर दबली असेल. माझाही त्यावर विश्वास बसला असता. पण माझी खोली बागेपासून चालत वीस मिनिटांच्या अंतरावर, आणि वारा तिकडून असला की करवत ऐकू यायची. करवत सुरू झाली की हातातला पेचकस गळून पडायचा. ती थांबली की मुंग्या यायच्या, पण प्रत्येक वेळी थोडा हात कमीच परत यायचा. वायरमनचा हात गेला की त्याच्याकडे उरतं काय?

मी दादाला सगळं सांगितलं. हसला नाही, वेड्यात काढलं नाही. म्हणाला, "तुझी शपथ, आजपासून बंद." वहिनी दारातच उभी होती. तिने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या हातातून पाण्याचा पेला सुटला.

मी तसाच निघालो. बागेत ट्रॅक्टरचं इंजिन बंद होतं, आणि दादा वाकून करवत चालवत होता. मला बघितलं त्याने. चांगलं बघितलं.

"दादा, बंद कर!"

"एवढी फांदी होऊ दे."

ज्याने मला सायकल शिकवली, माझ्या वाटणीचा मार खाल्ला, त्याने ती फांदी पुरी कापली. मग पुढची धरली. मी प्लग ओढायला गेलो, पण बोटं मिटेनात. डावा हात पुढे करू पाहिला, तर तोही खांद्यापासून लोंबत राहिला. भर उन्हात मी भावासमोर रडलो. करवतीच्या आवाजात त्याला ते ऐकू आलं नसेल, असं मी अजूनही स्वतःला सांगतो.

काम झाल्यावर त्याने मला उचलून ट्रॅक्टरवर बसवलं आणि आपल्या घरी आणलं.

"काढून टाक रे ते," मी म्हणालो.

"काढतो ना. एवढा हंगाम जाऊ दे."

तेव्हापासून मी मागच्या खोलीत आहे. दादा माझी काळजी घेतो, नाही म्हणता येणार नाही. गादी मऊ आहे. पडदे ओढलेले असतात, कुणी मोठ्याने बोलत नाही. दिवसभर मी झोपावं अशी सगळ्यांची इच्छा असते.

आज वहिनीने चार अंडी आणि मोठा पेला भरून दूध आणलं. एक एक घास भरवताना ती माझ्याकडे बघत नव्हती. दादा दारात उभा राहून मोजमाप घ्यावं तसा मला न्याहाळत होता.

"पोटभर खा," तो प्रेमाने म्हणाला. "उद्या वेल्डिंग आहे."