दिसेल तेच लिही

फुलबाजारातून झेंडूच्या रिकाम्या पाट्या घेऊन सोमा मखमलाबादला परतला, तेव्हा ऊन अंगणाच्या मधोमध आलं होतं. सातवीतच शाळा सुटलेला हा लाजाळू पोरगा अठ्ठ्याण्णव साली बाहेरून दहावीला बसत होता. शिकवणीच्या मंजुषाबाईंनी वर्णनात्मक निबंध दिला होता. "एकच गोष्ट निवड, नीट बघ. दिसेल तेच लिही, मनाचं काही घालू नकोस."

आईने वाढलेलं ताट बाजूला सारून त्याने वही उघडली. खिडकीत कावळा बसला होता. सोमाने तोच निवडला.

खरं तर कावळा दिसला की तो नजर फिरवायचा. वडिलांच्या, मल्हारीनानांच्या दहाव्याला गोदाघाटावर पिंडाला कावळा शिवलाच नव्हता. काकांनी हात जोडून सगळं कबूल केलं. मळा राखू, पोराचं लग्न करू. एकही कावळा खाली उतरला नाही. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाच्या काड्या बांधून कावळा केला, तो पिंडाला टेकवला आणि सगळे घरी आले. नानांचा जीव कशात अडकला, ते कळलंच नाही. सोमाला ते अजून टोचत होतं.

तो लिहू लागला. कावळा ओरडत नाही. मान वळवत नाही. रंग...

पेन थांबलं. रंग वाळलेल्या गवताचा होता. मानेजवळ गाठ होती. डोळ्यांच्या जागी काहीच नव्हतं. खोलीत काळ्या तिळांचा आणि नदीच्या पाण्याचा वास भरत चालला होता.

सोमा ताडकन उठला. तरी तो पळाला नाही. विचारायची संधी पुन्हा कुठे मिळणार? ताटातल्या भाताचा घास करून त्याने खिडकीत ठेवला.

"नाना... आईला सांभाळीन मी."

पक्षी हलला नाही.

"दहावी पास होऊन दाखवीन..."

नाही.

"कुणाशी बोलतो रे?" चुलीजवळून आई, नवसाबाई, ओरडली. "पोपट पाळला का काय?"

"कुणाशी नाय, आई."

त्याने आवाज खाली आणला. "मग काय पाहिजे, नाना? एकटं वाटतंय का तिकडं?... मी येऊ?"

गवताची मान हळूच वाकली आणि घासाला शिवली.

आई पदराला हात पुसत आली, तेव्हा खिडकी मोकळी होती. घास अर्धाच उरला होता.

"जेवून गेला वाटतं," ती समाधानाने म्हणाली. "बरं झालं बाई. कुणाचा तरी जीव निवला."

सोमाने उजवी मूठ घट्ट मिटून घेतली होती. दहाव्याला बोटातून काढून त्याने स्वतःच गोदेत सोडलेली दर्भाची अंगठी पुन्हा त्याच्या बोटात होती. आणि तिच्यातून अजून पाणी ठिबकत होतं.