आत्याने काढलेले फोटो

खोटं सांगून मला काय मिळणार? उलट घरचीच अब्रू जाते. तरी सांगते, कारण हे ऐकीव नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

रविवार होता. दुपारचे दोन. बाहेर लख्ख ऊन.

आणि आम्ही बसलो होतो मोठ्या काकांच्या घरात, मागच्या खोलीत.

मी दप्तरखान्यात नोकरी करते. जुने कागद कशात ठेवले की टिकतात, हे बघणं माझं काम. म्हणून काकांनी बोलावलं होतं. घरातले सगळे फोटो, दाखले, कागदपत्रं एका पत्र्याच्या ट्रंकेत कोंबलेली. तळाला गंज, कोपऱ्यांत कसर.

"पोरी, असं काहीतरी निवड की माझ्यामागे शंभर वर्षं टिकलं पाहिजे," काका म्हणाले.

मी आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याचे डबे नेले होते. फोटोंच्या मध्ये घालायला पातळ कागद, ओल शोषणाऱ्या पुड्या.

"डब्यांची एवढी बडदास्त?" दादा हसला. दादा म्हणजे काकांचा मुलगा. "माणसंसुद्धा आपण इतकी जपत नाही!"

खरं बोलून गेला तो.

फोटो सगळे आत्याने काढलेले. आत्या म्हणजे काकांची धाकटी बहीण. काकू बाळंतपणातच गेली, दादाला आत्यानेच वाढवलं. लग्न नाही, नोकरी नाही. हौस एकच, कॅमेरा. म्हणूनच ती स्वतः एकाही फोटोत नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा काकांनी तो कॅमेराही कुणाला तरी देऊन टाकला.

ट्रंक रिकामी झाली. दादा फोनवर बोलत बाहेर गेला. तळाला जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. मी ते उचललं...

खाली एक लिफाफा.

आत्याच्या नावाचा. ब्लेडने नीट कापून उघडलेला.

आत नेमणुकीचं पत्र होतं. संग्रहालयात छायाचित्रकार म्हणून. पंधरा दिवसांत हजर व्हावे. तारीख बघितली... दादा तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचा.



मी शाळेत जायला लागले तरी आत्या पोस्टमनला फाटकातच गाठायची. "माझं काही आहे का हो?" तो मान हलवायचा. ती हसून आत जायची. वर्षानुवर्षं.

काकांनी माझ्या हातातून पत्र घेतलं. शांतपणे चार तुकडे केले.

"हे ठेवायचं नाही."

"काका, अहो, हे तिचं..."

"तीच नाही, तर कागद कशाला?"

कचऱ्याची पिशवी माझ्या हातात होती.

मी ती पुढे धरली. हो, मीच धरली.

तुकडे आत पडले. आणि माझ्या पाठीमागे...

खटक्.

मग रीळ पुढे सरकवल्याची बारीक कुरकुर.

आत्याच्या कॅमेऱ्याचा तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. गर्रकन वळले.

मागे नुसती भिंत.

"काय गं?" काकांनी विचारलं. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

आठ दिवसांनी दादाचा फोन. "हातातलं काम टाक आणि ये."

डबा टेबलावर उघडा होता. फोटो जसेच्या तसे. फाटलेले नाहीत, विटलेले नाहीत, कसरीचं एक भोक नाही.

फक्त काका नव्हते.

वेताच्या खुर्चीत ते बसलेले असायचे, तिथे आता खुर्चीची पाठ दिसत होती. वेताची अख्खी वीण. फोटो काढताना कॅमेऱ्याला जी दिसणंच शक्य नव्हतं. कचेरीतल्या निरोपसमारंभाच्या फोटोत सगळे एका रिकाम्या जागेकडे बघून टाळ्या वाजवत होते.

आणि तान्हा दादा... कुणाच्याच मांडीवर नव्हता. अधांतरी बसून हसत होता.

"ओल लागली असेल," काका म्हणाले. पण ओठ कोरडे पडले होते त्यांचे.

उरलेले कागद मी लोखंडी कपाटात हलवले. तिसऱ्या दिवशी लग्नाच्या दाखल्यावरून काकांची सही गेली. काकूची तशीच राहिली.

एक आशा होती. दादाने सगळे फोटो आधीच स्कॅन करून एक हार्ड डिस्क माझ्या घरी ठेवली होती. भर दुपारी मी ती जोडली. पडद्यावर काका होते! खुर्चीत, ऐटीत. मी सुटकेचा श्वास सोडला...

खटक्.

माझ्या देखत खुर्ची रिकामी झाली.

त्याच संध्याकाळी मी दादाला पत्राचं सगळं सांगितलं. तो तडक काकांपुढे जाऊन उभा राहिला.

"बाबा, आत्याचं पत्र तुम्ही लपवलंत?"

"मग तुला कुणी वाढवलं असतं रे?"

 

मी हात जोडले. "काका, एकदा तिची माफी मागा. इथेच, आत्ता."

"मेलेल्या बाईची?" काका कडाडले. "नाही मागत! काय करायचं ते करू दे तिला."

खटक्.

या वेळी अगदी त्यांच्या कानाशी. या वेळी त्यांनीही ऐकलं. दोन्ही हात चेहऱ्यावर फिरवले. नाक, डोळे, हनुवटी... सगळं जागेवर आहे ना, हे चाचपावं तसे.

त्याला आता चार महिने झाले. काका आहेत. जेवतात, झोपतात. पण गेल्या आठवड्यात नेहमीचे डॉक्टर तपासायला आले, खोलीत पाय ठेवला आणि म्हणाले, "बाबा बाहेर गेलेत का?"

काका समोरच बसले होते. त्यांच्याकडे बघत.

दादा म्हणाला, "अहो डॉक्टर, थट्टा काय करताय!" डॉक्टर दचकले, डोळे चोळले, चष्म्याला दोष दिला. तो विषय तिथेच संपला.

मीही तसंच धरून चालले होते. वय झालंय डॉक्टरांचं.

काल तिकडे गेले होते. दादाशी, काकांशी तासभर गप्पा मारल्या. मग उठून चहा केला, ट्रे आणून ठेवला.

दोनच कप होते. एक माझा, एक दादाचा.

दादाने त्याचा उचलला. त्याच्याही काही लक्षात आलं नाही.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघितलं... काका ट्रेकडे बघत होते.

तिसरा कप त्यांनी मागितला नाही.