हलवू नये

आम्रपालीचा पारा चढला होता. हडपसरच्या आयटी कंपनीतून सुट्टी काढून, शकूआत्याला सोबत घेऊन ती दहापासून डे-केअर वॉर्डात बसली होती. हातात सुई टोचलेली, आणि औषधाचा पत्ता नाही!

साडेअकराला तो आला. छातीशी थर्माकोलचा डबा, अंगाला घामाच्या धारा...

"सावकाश या हं," ती म्हणाली. "आजारी मीच आहे, तुम्हाला कसली घाई!"

"कसब्यातून चालत आलोय." तो आमोद, औषधांचं दुकान घरचंच. "डब्यावर लिहिलंय — हलवू नये. आणि स्कूटर धावणार पुण्याच्या रस्त्यांवरून!"

तिला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी.

रक्ताचा कॅन्सर, तोही लाखांत एखाद्याला होणारा. हे अँटिबॉडीचं औषध सरसकट सगळ्या पेशींवर तुटून पडत नाही. रोगट पेशीच्या दारावरची पाटी वाचून नेमकं तिलाच गाठतं. "म्हणजे पक्कं पुणेकर," आमोद म्हणाला.

आठ आठवडे, आठ डोस. माणूस पाठवता आला असता, पण दर मंगळवारी तोच चालत यायचा आणि शेवटचा थेंब उतरेपर्यंत बसायचा. तिसऱ्या मंगळवारी तिला हुडहुडी भरली, तेव्हा आत्याच्या आधी त्यानं तिच्या अंगावर ब्लँकेट घातलं. चौथ्याला 'अहो' गळून पडलं. आपण मंगळवारची वाट बघतोय हे कळल्यावर मात्र ती स्वतःवरच चिडली. औषध लागू पडलं की नाही, ते शेवटच्या रिपोर्टातच कळणार होतं.

आठव्या मंगळवारी तो गप्प गप्प होता.

"बोल की!"

"रिपोर्ट येऊ दे... मग चांगला दिवस बघून विचारीन."

"आणि वाईट आला तर? नाही विचारणार?"

"तरी विचारणार."

"मग आत्ताच विचार! आमच्यात मुहूर्त बघत नाहीत. आणि जगायला कधी लागायचं, हे मी त्या रोगाला विचारून ठरवणार नाही!"

अख्खा वॉर्ड बघायला लागला. आमोदचे कान लाल झाले, पण तो उठून उभा राहिला.

"लग्न करशील माझ्याशी?"

"करीन."

आत्यानं पदर डोळ्याला लावला. सिस्टरनी सुई काढली, तासभर थांबवून घेतलं आणि घरी जायची परवानगी दिली. आत्या रिक्षा बघायला निघाली.

"आत्या, रिक्षा तुला एकटीलाच कर. आमोद, जा, स्कूटर घेऊन ये."

"अगं, रस्त्यात खड्डे किती आहेत..."

"असू देत," आम्रपाली म्हणाली. "औषध आत गेलंय. आता हलवलं तरी चालतं."