काय दिसतंय, मार्सो?

जूनमधल्या एका रविवारी सकाळी साडेआठला मार्सो गोद्रीने जोडसायकल अंगणात काढली, दोन्ही चाकांत हवा भरली आणि आर्लेतला हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं. पिशवीत उकडलेली अंडी होती, सॉसेजचा तुकडा होता, कालचा पाव होता. आर्लेत त्याची बायको, शहात्तर वर्षांची. काचबिंदूने सात वर्षांपूर्वी तिची दृष्टी पार नेली होती. चाळीस किलोमीटरवरच्या मोंसार गावात, जुन्या स्टेशनाच्या इमारतीत, तिची धाकटी बहीण जिनेत राहायची. दरवर्षी जूनमध्ये ही दोघं सायकलवरून तिच्याकडे जेवायला जात.

जिनेत फेब्रुवारीतच वारली होती. हे मार्सोला माहीत होतं. आर्लेतला माहीत नव्हतं.

तेव्हा आर्लेत हृदयाच्या ऑपरेशननंतर हॉस्पिटलात होती आणि डॉक्टरांनी तिला कसलाही धक्का बसू देऊ नका असं बजावलं होतं. मार्सो एकटाच जाऊन मेहुणीला माती देऊन आला, तिच्या घराच्या खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातलं, आणि बायकोला म्हणाला की सायकल दुरुस्तीला नेली होती. मग एकातून एक निघत गेलं. जिनेतचा फोन बिघडलाय. जुन्या तारा काढून टाकतायत. मग पत्रं. मार्सोने छत्तीस वर्षं पोस्टमनची नोकरी केलेली. दुसऱ्याचं पाकीट त्याने जन्मात उघडलं नव्हतं, आणि आता म्हातारपणी कोरा कागद हातात धरून तो बायकोला मेहुणीची पत्रं वाचून दाखवत होता. त्याला स्वतःची शरम वाटायची. पण आर्लेत ऐकताना हसायची, आणि तो पुढचं पत्र रचायला बसायचा.

आज मात्र मोंसार यायच्या आत सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. चाळीस किलोमीटर काय थोडे झाले?

रस्ता म्हणजे जुना रेल्वेमार्ग. रूळ केव्हाच उखडून नेले, पांढरी बारीक खडी दाबून बसवली, आणि मोटारी शिरू नयेत म्हणून दर फाटकाशी लाकडी खांब रोवले. चढ असा नाहीच. दोन्हीकडे पॉपलरची झाडं, मधूनच गाईंचं कुरण, आणि तासभर गेलं तरी माणूस म्हणून दिसत नाही. दोन्ही पायडलं एकमेकांना साखळीने जोडलेली, त्यामुळे आर्लेतने मागे पाय जरा सैल सोडले तरी मार्सोला पोटऱ्यांत कळायचं.

“खांब,” मार्सो पुढून ओरडायचा. “खडबडीत.” “आता ऊन.”

आणि दर थोड्या वेळाने मागून विचारणा व्हायची, “काय दिसतंय, मार्सो?”

खरं सांगायचं तर दिसण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाववाला गेला, शाळा बंद झाली, पोरं शहरात गेली. पण आर्लेत याच गावांमध्ये लहानाची मोठी झालेली. तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून सात वर्षं मार्सो ही गावं एकट्याने चालवत होता.

“व्होझेल आलं,” तो म्हणाला. “खानावळ उघडी आहे. दारात जाड्या पेरदू उभा आहे, कमरेला फडकं बांधून. हात हलवतोय.”

खानावळीच्या खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या होत्या.

“बोंजूर, पेरदू!” आर्लेतने हात वर केला आणि क्षणभर थांबून खुदकन हसली. “ऐकलंस? म्हणतो, म्हातारी मागे नुसती बसते आणि तू एकटा राबतोस.”

“खोटं नाही बोलला तो,” मार्सो म्हणाला. आज स्वारी रंगात आहे, एवढंच त्याला वाटलं.

पुढे अकरा नंबरच्या फाटकवाल्याचं घर लागलं. छप्पर आत बसलेलं, खिडकीतून झुडूप बाहेर आलेलं. मार्सोने तिथे निळ्या झग्यातली एक बाई उभी केली आणि तिला चादरी वाळत घालायला लावलं.

“साबणाचा वास येतोय छान,” आर्लेत म्हणाली.

अर्ध्या किलोमीटरवर दफनभूमी होती. सायकलवाले पाणी तिथेच भरतात. गावात नळ नसेल एक वेळ, पण थडग्यांवरच्या फुलांसाठी तिथे असतोच. फाटकाजवळच्या बाकावर आर्लेतला बसवून मार्सो बाटल्या घेऊन आत गेला. पाचेक मिनिटांनी परत आला तेव्हा ती बाकावर एका बाजूला वळून बसली होती, शेजारी कुणी असावं तशी.

“आत्ताच गेली बघ. बोलघेवडी आहे हं बाई.”

“कोण?”

“कोण काय? तूच दाखवलीस ना, चादरीवाली.” आर्लेतने मूठ उघडली. आत कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा होता. “माझ्या हातात देऊन तशीच विसरून गेली.”

मार्सोने चिमटा घेतला. ओला होता. त्यातलं पाणी त्याच्या मनगटावरून बाहीत गेलं आणि त्याला साबणाचा वास आला. त्याने रस्त्यावर दोन्हीकडे नजर टाकली. रस्ता सरळ होता, पांढरा होता, आणि दूरपर्यंत रिकामा होता. तिला आधीच कुठेतरी सापडला असेल, हातांना घरचा साबण असेल, असं त्याने मनाला बजावलं, आणि चिमटा कुंपणाच्या भिंतीवर ठेवून दिला.

त्यानंतर मात्र त्याने रचून सांगणं बंद केलं.

“काय दिसतंय?”

“काही नाही. झाडं आहेत.”

जरा वेळाने पुन्हा, “आता?”

“काही नाही म्हटलं ना! कुणी नाही इथे. घरं पडलीत सगळी.”

“एवढा चिडतोस कशाला?” आर्लेत म्हणाली. “माणसं ऐकतायत.”

बारा वाजता दोघं एका झाडाखाली थांबली. मार्सोने अंडं सोलून तिच्या हातात दिलं. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं.

“आर्लेत, जिनेतचं तुला सांगायचं होतं...”

“कळलंय मला.”

“काय कळलंय?”

“त्या बाईने सांगितलं. सकाळपासून चुलीपुढे उभी आहे म्हणे वेडी. मोहरी घालून ससा केलाय. तीन ताटं मांडलीत.” तिने अंडं पिशवीत परत ठेवलं. “मी नाही खाणार हे. पोट भरलं तर ती ओरडेल.”

तिच्या गालांवर रंग आला होता. हॉस्पिटलातून आल्यापासून तो रंग त्याने पाहिला नव्हता. आणि मार्सो गोद्रीने, भित्र्या माणसाने, तोंड उघडलं आणि म्हटलं, “हो. वाट बघत असेल ती.”

तिथून पुढे आर्लेत एकसारखी बोंजूर म्हणत होती. डावीकडे, उजवीकडे, नावं घेऊन, बाजाराच्या दिवशी म्हणतात तसं. कुणाच्या गुडघ्याची चौकशी केली, कुणाला लग्नाबद्दल चिडवलं. मध्ये थांबून उत्तर ऐकायची आणि हसायची. मार्सो समोर बघत राहिला.

शेवटी त्याने ब्रेक दाबले. “परत जाऊ या. तुझ्या हृदयाला झेपायचं नाही.”

“माझं हृदय ठणठणीत आहे. धापा तू टाकतोयस.”

हे खरं होतं. सायकल थांबली तरी पायाखालची पायडलं पुढे रेटत होती. एवढा जोर तिच्या पायांत तिशीतसुद्धा नव्हता. त्याने ब्रेक सोडले.

मोंसार तीन वाजता आलं.

स्टेशनाच्या खिडक्या त्याने लावल्या होत्या तशाच बंद होत्या. पायरीपर्यंत खाजकुइली माजली होती. किल्ली त्याच्या खिशात होती.

“सांग ना,” आर्लेत म्हणाली. “कशी दिसते?”

मार्सो उतरला, तिलाही उतरवलं. त्याने तिचे दोन्ही खांदे धरले.

“आर्लेत, ती नाही. फेब्रुवारीत गेली. मी तुला सांगितलं नाही. पत्रं मीच रचत होतो. माफ कर मला. घर बंद आहे, आत कुणी नाही.”

आर्लेत ऐकत होती. तिने त्याचा गाल थोपटला.

“मग हा हात कुणाचा?”

तिचा डावा हात पुढे झाला होता. बोटं आवळलेली होती आणि कुणी घट्ट धरावीत तशी पांढरी पडली होती.

ती काठीशिवाय चालत गेली. खाजकुइलीतून गेली, पायरी चढली, आणि दार तिच्यासाठी उघडलं. मार्सो धावला. दार त्याच्या तोंडावर लागलं.

किल्ली फिरली. दार हललं नाही. त्याने खांदा लावला, लाथा घातल्या.

मग तो गुडघ्यांवर बसला आणि पत्रं टाकायच्या फटीची झडप त्याने वर उचलली.

आत अंधार होता. मोहरीचा वास आला. काटे-चमचे वाजले.

“मार्सो कुठे राहिला?” आर्लेतचा आवाज.

“हा काय तुझ्या शेजारी,” जिनेत म्हणाली. तोच तिचा घोगरा आवाज. “जेवतोय मुकाट्याने.”

“आर्लेत!” मार्सो फटीतून ओरडला. “मी इथे आहे! बाहेर आहे!”

आत चमचे थांबले.

“कोण ओरडतंय गं?”

“कुणी नाही. वारा सुटलाय.”

“असं होय.” खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज आला. मग आर्लेत हळूच, लाडाने म्हणाली, “मार्सो, हात किती गार पडलेत रे तुझे.”